चांगभलं आणि चेंबर

कोल्हापुरात माणसाची पत जमिनीपासून वर मोजतात. दसऱ्याला छत्रपतींची भगव्या रंगाची मेबॅक निघते तेव्हा लोक टाचा उंचावून बघतात. १९३० च्या दशकातली ती मोटार, पायदानावर पाय देऊन आत चढायची. साखर कारखान्यावर निवडून आलेला संचालक गुलाल धुऊन झाला की जी गाडी घेतो, तिच्यात चढताना धोतर आवरावं लागतं आणि उतरताना कार्यकर्ते. गाडी हप्त्यांवर असली तरी चालते, पण तिचं बॉनेट शेजाऱ्याच्या छातीला लागलं पाहिजे. जोतिबाचंसुद्धा वाहन घोडा आहे. घोड्याच्या पोटाखालून शेंबडं पोरगं वाकून जाऊ शकतं. देवालाही ग्राउंड क्लिअरन्सचं महत्त्व कळलेलं आहे.

अशा गावात माझ्या पुतण्याने स्पोर्ट्स कार आणली. दुसऱ्या हाताची, लाल, दोन दारांची, दोन माणसांची. मुंबईहून ती घरी आली तेव्हा गल्लीतली सगळी माणसं जमली आणि प्रत्येकाने खाली वाकून बघितलं. गाडी बघायला वाकावं लागतं हाच पहिला धक्का होता. आमच्या शेजारच्या तात्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

पुतण्याचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्याच्या मते गाडी फार उंच होती. पोटापासून जमीन १२० मिलिमीटर. एवढ्या जागेमुळे त्याला चाकाच्या वर मोकळं गाव दिसत होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जातात, हे तो आम्हाला चार बोटं घालून दाखवत असे, आणि चेहरा असा करी की जणू बोटं दुखतायत. त्याला ३० मिलिमीटर खाली जायचं होतं. लहानपणापासून त्याला सांगत आलोय, मोठा हो, वर जा; पोरगं कमवायला लागलं आणि खाली जायचे पैसे मोजायला निघालं.

त्यासाठी आम्ही उद्यमनगरात मेस्त्रींकडे गेलो. कोल्हापुरात गाडीचा प्रश्न घेऊन कंपनीच्या शोरूमला जाणं म्हणजे घरचं भांडण कोर्टात नेणं. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी जिथे ऑइल इंजिनाचा उद्योग रुजवला, त्या गावातला मेस्त्री 'हे होत नाही' असं सहसा म्हणत नाही. आमचे मेस्त्री तर ट्रकच्या कमानपाट्यांपासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत सगळ्याला हात घालतात. त्यांनी लाल गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पुतण्याकडे पाहिलं.

"खाली घ्यायची? एक वेढा कापतो की. दहा मिनिटांचं काम."

पुतण्या दचकला. तो बरंच वाचून आला होता. मेस्त्री हसले. "घाबरू नकोस. कापत न्हाई. पण कापलं तर काय हुतंय, सांग बघू."

"गाडी खाली बसते."

"आणि?"

आणि काय, ते मेस्त्रींनी खडूने फरशीवर लिहून दाखवलं. स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो. तार किती जाड, वेटोळं किती रुंद, आणि काम करणारे वेढे किती. यातली तार सगळ्यात खट. तिच्या जाडीचा चौथा घात लागतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ ची घेतली, म्हणजे एकच मिलिमीटर वाढवला, तर स्प्रिंग ३८ टक्क्यांनी कडक होते. वेटोळं रुंद केलं की उलट, ती मऊ पडते. आणि वेढे कमी केले की कडक. सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेल्या पाचांवर तोच भार येतो आणि कडकपणा २० टक्के वाढतो. म्हणजे वेढा कापणाऱ्याला वाटतं आपण उंची कमी केली. खरं तर त्याने स्वभावही बदललेला असतो.

"आणि कापायचं सोपं हाय," मेस्त्री म्हणाले, "जोडायचं कुठं मिळतंय?"

शेवटी पुतण्याने पुण्याहून तयार स्प्रिंगा मागवल्या. ३० मिलिमीटरने बुटक्या आणि जुन्यापेक्षा कडक. या दोन गोष्टी जोडीनेच येतात, त्यात दुकानदाराची लबाडी नाही. गाडी खाली घेतली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. तेवढ्याच जागेत तोच खड्डा पचवायचा तर स्प्रिंग कडक हवी, नाहीतर चाक वर येऊन रबरी गुटख्याला धडकतं. गुटखा म्हणजे बंप स्टॉप. उद्यमनगरात त्याला गुटखाच म्हणतात, आणि तो खाणं तब्येतीला वाईट हे दोन्ही गुटख्यांना लागू आहे.

जोडीला त्याला शॉकअपही नवे हवे होते. त्यांच्या डोक्यावर फिरवायची चकती असते आणि ती टिक-टिक करत तीस घरं फिरते. एका टोकाला मऊ, दुसऱ्या टोकाला दगड. मेस्त्रींनी ती चकती दोन बोटांत धरून फिरवली, कान लावून ऐकली आणि परत दिली. "कुठलं स्टेशन लागतंय?" असं विचारून ते जेवायला गेले.

आता उंचीचं बोलू. गाडीची उंची मालक ठरवतो हा गैरसमज आहे. ती ठरवतो स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने यावर रीतसर मानक काढलेलं आहे, क्रमांक ९९. त्यात म्हटलंय की स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याची पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची असावी, म्हणजे २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी सुखाने पार होईल. पुतण्याने या मानकाचं गणित मांडलं आणि आनंदाने घर डोक्यावर घेतलं. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरचं अंतर. स्पीडब्रेकरचा माथा बरोबर पोटाखाली आला तर दोन्ही चाकंही त्याच्याच उतारावर असतात, म्हणून चाकांबरोबर पोटही उचललं जातं. हिशेब केला तर पोटाखाली साधारण साडेचार सेंटिमीटर जागा पुरते. त्याच्याकडे खाली घेऊनही नऊ उरणार होती. निम्मी जागा शिल्लक!

हे गणित अगदी बरोबर होतं. फक्त स्पीडब्रेकर चुकीचा होता.

कारण आपल्याकडचा स्पीडब्रेकर मानक वाचून होत नाही, अपघात बघून होतो. एखाद्याच्या म्हशीला मोटारसायकल धडकली की संध्याकाळी बैठक बसते, रात्री डांबर येतं आणि पहाटे रस्त्यावर एक आडवा वरवंटा झोपलेला असतो. लांबी अर्धा मीटर, उंची पाऊण वीत. तो पोटाखाली आला तेव्हा पुढची चाकं सपाटीवर उतरलेली असतात आणि मागची अजून सपाटीवरच असतात. मग पोटाला त्याची पूर्ण उंची भरावी लागते. तिथे नऊ सेंटिमीटरच काय, बाराही कमीच. शहाणा माणूस अशा वेळी गाडी तिरकी घालतो, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. त्यामुळे कोल्हापूर ते जोतिबा या अठरा-वीस किलोमीटरांत स्पोर्ट्स कार जितकी पुढे गेली तितकीच आडवी गेली, असं पुतण्याच्या मित्रांचं मत पडलं.

जोतिबाला जाणं भाग होतं. नवीन गाडी घरी आली की आधी अंबाबाई आणि मग डोंगर, हे आमच्याकडे आरटीओपेक्षा पक्कं आहे. आरटीओचा प्रश्नही मेस्त्रींनी काढला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावर लिहिलेलं मूळ रूप मनाला येईल तसं बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खडसावून सांगितलंय. पुतण्याने कायद्याचा दोन दिवस अभ्यास केला. माझ्या आईने कायदा एका वाक्यात सांगितला. "देवाला दाखवल्याशिवाय गाडीत बसणार न्हाई." तिच्या निकालावर अपील नसतं.

आणि इथेच गाडीचा खरा दोष उघडा पडला. तो स्प्रिंगमध्ये नव्हता, सिटांमध्ये होता. आमच्या घरात माणसं अकरा. देवाला जायचं म्हटलं की पन्हाळ्याकडची मावशी आणि तिची जाऊ धरून तेरा. गाडीत सिटा दोन, त्यातली एक चालवणाऱ्याची. उरलेल्या एका सिटेवर पहिला हक्क कुणाचा यावर आठवडाभर जी चर्चा झाली, तेवढी आमच्या आजोबांच्या शेताच्या वाटणीवर झाली नव्हती.

त्या आठवड्यात मला स्पोर्ट्स कारचं मर्म कळलं. तिच्या स्प्रिंगा बनवणारा इंजिनिअर आधी एक गोष्ट गृहीत धरतो, की माणूस एकटा आहे. तो सत्तर-पंचाहत्तर किलोचा आहे, पोटात नाश्ता बेताचा आहे, डिकीत फार तर एक पिशवी आहे आणि त्याला वाटेत कुणीही हात करणार नाही. या गृहीतावर सगळं गणित उभं आहे. कोल्हापुरात हे गृहीतच टिकत नाही. इथे माणूस दाढी करायला निघाला तरी चौघं बरोबर असतात.

गणित सांगतो, कारण ते मेस्त्रींनी मला दोन कप चहात शिकवलं. गाडी स्प्रिंगवर एका सेकंदात किती वेळा वर-खाली होऊ बघते, यावर ती मऊ की कडक ठरतं. घरगुती गाडी सेकंदाला सव्वा-दीड हेलकावे घेते. माणसाला ते झेपतं. स्पोर्ट्स कार दोनच्या आसपास. पंख लावलेली शर्यतीची गाडी तीन, चार, त्याहूनही वर. आणि चार ते आठ हा टप्पा आला की माणसाचं पोट, आतडी, खांदे, सगळे आपापला वेगळा ताल धरतात. म्हणून शर्यतीच्या ड्रायव्हरला पगार देतात आणि एसटीच्या प्रवाशाकडून तिकीट घेतात.

आता हा आकडा एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही, वरच्या वजनावरही ठरतो. पुतण्याच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. सेकंदाला दोन हेलकाव्यांसाठी तिथे मिलिमीटरमागे पाच किलोची स्प्रिंग लागते. म्हणजे पाच किलो ठेवले की एक मिलिमीटर दबणार. घरगुती गाडीत तेच दोन किलोच्या आतबाहेर. मागच्या बाजूला शंभर किलो वाढले तर घरगुती गाडी अडीच-तीन सेंटिमीटर खाली बसते आणि स्पोर्ट्स कार फक्त एक. पुतण्याला हा स्पोर्ट्स कारचा विजय वाटला. मी विचारलं, "मागं शंभर किलो ठेवणार कुठं?" तेव्हा तो गप्प झाला.

याच विषयात मॉरिस ऑली नावाचा एक इंग्रज होऊन गेला. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेत गेला आणि १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये बसून त्याने एका मोटारीवर पुढे-मागे वजनं सरकवत माणसाला कधी मळमळतं याचा पद्धतशीर शोध घेतला. त्याला असं आढळलं की पुढची स्प्रिंग जरा मऊ आणि मागची जरा कडक असावी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू थोड्या चपळाईने हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि दोघी मिळून एकदमच शांत होतात. नाहीतर गाडी मान डोलावत राहते. हे सूत्र जगभर चाललं. आमच्याकडे मात्र घरगुती गाडीच्या मागच्या सिटेवर मावशी आणि तिची जाऊ बसल्या की मागचं वजन वाढतं, मागची चाल मंदावते आणि ऑलीसाहेबांचं सूत्र केर्लीच्या अलीकडेच उलटं होतं. गाडी मान डोलावते आणि मावशीला वाटतं, पोरगं आपलं म्हणणं ऐकतंय.

स्प्रिंग या प्रकाराला आमच्या जिल्ह्यात एकाने थेट रामराम ठोकला होता, हे पुतण्याला ठाऊकच नव्हतं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. या माणसाने घरच्या हिकमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. पहिली दोन माणसांची गाडी १९४९ ची. पुढे पंचवीस वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. इंजिन मागे, गार व्हायला हवेवर, आणि चाकांच्या वर पोलादी स्प्रिंगऐवजी रबर. किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास ठेवायचा त्यांचा मनसुबा होता. इंग्लंडात १९५९ साली मिनी आली, तिलाही रबराचेच शंकू होते आणि साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. मीराला कारखान्याचा परवाना आणि पैसा यांचा योग काही आला नाही. पण विचार बघा. रबर जसं दाबावं तसं ते कडक होत जातं. एक माणूस बसला तर मऊ, चार बसले तर तेच रबर पाय रोवून उभं राहतं. इचलकरंजीच्या माणसाने मोटार काढली ती माणसं मोजून काढली. स्पोर्ट्स कार काढणाऱ्याने सेकंद मोजले.

पुतण्या म्हणाला, "काका, पण घाटात बघा. वळणावर कळतंय ती काय चीज हाय." घाट बघायला मी उत्सुक होतोच.

माघातला रविवार होता. माघात जोतिबाचे खेटे असतात. लोक रविवारी चालत डोंगरावर जातात. पहाटेपासून रस्ता माणसांनी भरलेला. आईला त्या उरलेल्या सिटेवर बसवलं, म्हणजे वरून सोडलं. बाकीचे आम्ही मागून दोन रिक्षांत. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याचा फाटा, मग केर्ली, तिथून उजवीकडे डोंगर. उसाचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टरही होते. ट्रॅक्टरची मागची चाकं थेट आसाला जोडलेली असतात, त्यांना स्प्रिंग नसते. ती असते ड्रायव्हरच्या बुडाखाली. मला हा विचार फार प्रामाणिक वाटतो. दोन ट्रॉल्या ऊस हलला तर हलू दे, माणूस सांभाळा. ट्रॅक्टरवरचा गडी वर-खाली झुलत लाल गाडीकडे बघत होता. त्याचं बूड आमच्या पुतण्याच्या डोक्याहून वर होतं आणि दोघांच्या चेहऱ्यांची तुलना केली तर तो जास्त सुखात होता.

पहिला स्पीडब्रेकर तिरका पार पडला. दुसराही पडला. तिसऱ्यावर बाजूने खेट्याला निघालेली माणसं चालत होती, तिरकी घालायला जागा नव्हती. पुतण्याने श्वास रोखला, जणू त्यामुळे गाडी हलकी होणार. मग आवाज आला. चेंबर लागला, म्हणजे इंजिनाखालची तेलाची पेटी घासली. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही आणि ऐकलाय त्यांना सांगायला नको. रस्त्यावरची सगळी माणसं थबकली. एका म्हाताऱ्या भाविकाने त्या आवाजाला उत्तर दिल्यासारखा हात वर केला आणि ओरडला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" चालणाऱ्या सगळ्यांनी साथ दिली. आतून आईनेही दिली. चेंबर लागल्याचा एवढा भक्तिमय गजर दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर होत असेल असं वाटत नाही.

तेल गळलं नाही. देवाची कृपा, आणि खाली पोलादी पत्रा होता.

मग घाट. स्पोर्ट्स कार ज्यांच्यासाठी जन्माला आली ती वळणं आली, आणि पुढे एसटी आली. घाटात एसटीचा वेग वीस. तिला ओलांडायला जागा नाही आणि असती तरी आईसमोर हिंमत नाही. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवर बाजूचा जोर येतो तो तिच्या वजनाचा सहावा हिस्सा. एवढ्या जोराने साधी गाडी फार तर एक अंश कलते. नव्या कडक स्प्रिंगांमुळे ती अर्धा अंश कलली असेल. म्हणजे मोजलेले सगळे पैसे अर्ध्या अंशासाठी. आणि त्या अर्ध्या अंशाचाही मेस्त्रींना संशय होताच. गाडी फार खाली घेतली की चाक धरणारा खालचा आर्म बाहेरच्या बाजूने वर उचलला जातो. मग गाडी ज्या अदृश्य बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो आणि कलायला तिला उलट जास्त लांब दांडा मिळतो. "खाली घेतली म्हणून कमी झुकती असं न्हाई," मेस्त्रींनी बजावलं होतं, "लई खाली घेतलेला माणूससुद्धा झुकतोच की." हे वाक्य त्यांनी नेमकं कुठल्या अर्थाने म्हटलं ते मी विचारलं नाही, संध्याकाळची वेळ होती.

पुतण्या माझ्यापाशी नेहमी एक तत्त्व सांगतो, वजन जमिनीजवळ ठेवा. सगळं शास्त्र तिथून सुरू होतं. ते खरंच आहे. पण डोंगरावर चैत्री पौर्णिमेला या आणि सासनकाठी बघा. तीस-पस्तीस फुटांचा वेळू, त्याला फेटे, निशाण, तोरणं, आणि तो एक माणूस अंगावर तोलून नाचवतो. वजन आकाशात आणि आधार वीतभर. कुठल्याही इंजिनिअरने बघितलं तर परवानगी नाकारेल. पण ती पडत नाही. का? नाचवणाऱ्याचे गुडघे स्प्रिंगसारखे दबतात आणि सुटतात. चारी बाजूंना दोऱ्या धरलेले गडी काठी कलली की ओढून धरतात आणि सरळ झाली की सैल सोडतात, म्हणजे शॉकअप. मऊ गुडघा, सावध दोरी. कॉलिन चॅपमनच्या लोटस गाड्यांची ख्याती हीच, की स्प्रिंग मऊ ठेवायची आणि ताबा शॉकअपवर सोडायचा. त्याला जग ग्रेट म्हणतं. वाडी रत्नागिरीत, म्हणजे जोतिबाच्या या डोंगरावर, राणोजी शिंद्यांनी आताचं देऊळ उभारलं ते १७३० साल धरतात. वीतभर आधारावर पस्तीस फूट नाचवायची विद्या मात्र कुठल्या सालापासून चालत आली हे विचारायच्या भानगडीत इथे कुणी पडत नाही. फरक इतकाच की चॅपमनच्या गाडीत माणूस एक. काठीला माणसं लागतात. एकट्याने धरली तर ती पहिल्याच हलगीला आडवी होईल.

डोंगरावर गाडीतळ आला. गाडी थांबली. आणि त्या दिवसाचा खरा प्रयोग सुरू झाला. आईला बाहेर काढणे.

स्पोर्ट्स कारच्या माहितीपत्रकात सगळ्या उंच्या दिलेल्या असतात. पोटाची, छताची, नाकाची. पण जमिनीपासून बैठक किती उंच, आणि त्या बैठकीवरून पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी उभं राहायला किती माणसं लागतात, हा आकडा कुठल्याही कंपनीने छापलेला मी पाहिलेला नाही. आमच्याकडे तो तीन निघाला. एक समोरून हात धरायला, एक मागून रेटायला आणि एक सूचना द्यायला. सूचना देणारे लवकरच वीस झाले. नारळवाला आला, गुलाल-खोबरं विकणारी बाई आली, एक गुरव आले. कुणी म्हणालं पाय आधी बाहेर काढा, कुणी म्हणालं डोकं आधी. एकाने दार काढायचा पर्याय सुचवला आणि त्याच्याकडे पानाही होता. आई अर्धी आत, अर्धी बाहेर, पदर सावरत म्हणाली, "खुर्चीवर बसवून आणताय म्हणालासा, ह्यो तर पाट हाय!"

शेवटी बाहेर आली, कळसाला हात जोडले, गाडीवर गुलाल टाकला. पुतण्याच्या नव्या शॉकअपच्या नाजूक आट्यांतही तो गेला आणि अजून आहे. चकती आता तीसपैकी चौदाव्या घरात घट्ट बसलीय. म्हणजे जोतिबाने सेटिंग ठरवून दिलं.

परतल्यावर कुटुंबाची बैठक झाली. पुतण्याने नवा उपाय मांडला. महागड्या गाड्यांना नाक उचलायचं यंत्र असतं. बटण दाबलं की पुढची बाजू तीन-चार सेंटिमीटर वर येते आणि स्पीडब्रेकर गेला की परत खाली. मेस्त्रींनी शांतपणे विचारलं, "किती पडतंय त्येला?" पुतण्याने आकडा सांगितला. मेस्त्री म्हणाले, "तेवढ्यात जुनी जीप येती की. आख्खीच उचललेली."

आणि तसंच झालं. लाल गाडीला कंपनीच्या मूळच्या स्प्रिंगा परत बसल्या. ती रविवारी पहाटे महामार्गावर कागलपर्यंत एकटी जाऊन येते, एकट्या माणसाला घेऊन, जसं तिच्या इंजिनिअरने योजलं होतं. कुणाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. ज्या कामासाठी वस्तू बनते तिथे ती देखणीच दिसते. कोल्हापूरच्या पोरांनी खरोखरच्या शर्यतींत नाव काढलंय, कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पण त्या ट्रॅकवर मध्येच म्हैस बसत नाही आणि गाडीत मावशी नसते.

देवाला जायला जीप. चारी चाकांना पोलादी कमानपाटे, एकावर एक रचलेले, बैलगाडीलाही लाजवतील असे. मागे समोरासमोर दोन बाकं. पुढे आई, मोकळ्या हवेत, सगळ्या गावाला दिसेल अशी. जीप पहिल्यांदा डोंगराला निघाली तेव्हा मावशी आणि तिची जाऊ केर्लीत बसणार होत्या, त्यामुळे मागचं बाक अर्धं मोकळं होतं. पुतण्या मागे, मांडीवर नारळाची पिशवी. ज्याने आयुष्यात कडक स्प्रिंगांसाठी पगार खर्च केला, तो वडणग्याच्या फाट्यापर्यंत येईतो तीन वेळा बाकावरून उडाला आणि दोनदा परत बसला.

"काका," तो दात आवळून म्हणाला, "मागची स्प्रिंग लई कडक हाय हो."

आईने मान वळवली. ऑलीसाहेब तिने वाचलेला नाही. हेलकावे, हर्ट्झ, मिलिमीटरमागे किलो, कशाशी तिची ओळख नाही.

"कडक न्हवं रं, रिकामी हाय," ती म्हणाली. "केर्लीत मावशीसंगं तिच्या नणंदंलाबी घेऊया. माणसं भरली की मऊ हुती."